तुझ्या कामावरची दुसरी सही

शिऱ्या, शुक्रवारी हँगरच्या ट्रेनिंग रूममध्ये तुझी शोकसभा झाली. आयकार्डावरचा तो फोटो मोठा करून ठेवला होता, ज्यात तू पकडून आणल्यासारखा दिसतोस. शिफ्ट मॅनेजर बोलले, स्टोअर्समधले दोघं बोलले, नव्या बॅचच्या एका मुलीने दोन पानं इंग्रजीतून वाचून दाखवली. सगळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तू शांत होतास, मितभाषी होतास आणि कुणाशी कधी वाद घालत नव्हतास. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो. शेवटी मलाही उभं केलं. मी म्हणालो, "सगळे म्हणतात ते बरोबर आहे," आणि खाली बसलो. चारचौघांत इतकं मोठं खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.

तू माझ्याशी अठ्ठावीस वर्षं वाद घातलास. विषयही एकच. विमानाच्या देखभालीत मेकॅनिकलचं लायसन्स श्रेष्ठ की एव्हिऑनिक्सचं. बाहेरच्या माणसाला हे सांगायला गेलं की तो आधी हसतो, मग विचारतो की फरक काय. फरक इतकाच की मेकॅनिकलवाला इंजिन, चाकं, ब्रेक, पंख आणि तेलाचे पाइप बघतो, आणि एव्हिऑनिक्सवाला वायरी, रेडिओ, रडार, कॉकपिटमधले पडदे आणि त्यांच्यामागचे कॉम्प्युटर. कागदोपत्री एक बी-वन, दुसरा बी-टू. काम झालं की विमान उडायला योग्य आहे अशी सही दोघंही करतात, आपापल्या हद्दीतली. मी बी-वन, तू बी-टू. मी तुला डबे बदलणारा म्हणायचो, कारण काहीही बिघडलं की तुम्ही लोक एक डबा काढून दुसरा बसवता. तू मला ग्रीसवाला म्हणायचास.

तुझा जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे सगळं मी इथे लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि बाकीच्यांना शुक्रवारी कळलं. मी लिहायला बसलोय ते मुक्तामुळे.

शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला. तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे मला वाटलं काही कागदपत्रांचं असेल. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मुक्ताचा कॉलेजचा फॉर्म सोमवारी द्यायचाय. सगळं भरून झालंय, फक्त मेकॅनिकल की एव्हिऑनिक्स तेवढंच राहिलंय. ह्यांचं मन तुम्हाला ठाऊक. तुम्ही सांगाल ते ती लिहील."

मी विचारलं, मुक्ता काय म्हणते. वहिनी म्हणाल्या, "ती काहीच म्हणत नाही. ह्यांचं एव्हिऑनिक्सच होतं ना मनात?"

मी म्हणालो, रविवारी येतो. फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. मला चहा करायचा होता, पण पातेलं हातातच होतं.

गंमत बघ. अठ्ठावीस वर्षं मी ज्या वादात जिंकायला धडपडलो, तो आता माझ्या एका शब्दावर आला होता. मेकॅनिकल म्हणालो असतो तर ते तुझ्या पाठीमागे जिंकल्यासारखं झालं असतं. एव्हिऑनिक्स म्हणालो असतो तर जे मला पटत नाही ते तुझ्या पोरीच्या गळ्यात बांधलं असतं. आणि हा रकाना असातसा नाही, हे तुला मी सांगायला नको. एकदा भरला की दोन वर्षं वर्गात, दोन वर्षं हँगरमध्ये, मग परीक्षा, मग एकेका विमानाचं वेगळं प्रशिक्षण. मधेच कंटाळून दुसरीकडे उडी मारली तर कितीतरी पेपर पुन्हा पहिल्यापासून. अठराव्या वर्षी भरलेला रकाना माणूस निवृत्त होईपर्यंत अंगावर वागवतो.

आपण तो कसा भरला होता, ते मात्र आज लिहून ठेवतो, कारण तू ती गोष्ट प्रत्येकाला वेगळी सांगायचास. आपण दोघं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधली मुलं, तू वरच्या मजल्यावर, मी खाली. दोघांचे वडील मंत्रालयांतून फायली सरकवणारे. मराठी विसरू नये म्हणून रोज बसने पार पहाडगंजच्या शाळेत जायचो आणि बसमध्ये हिंदीत भांडायचो. मेकॅनिकल घ्यायचं हे आपलं दोघांचं ठरलं होतं. संस्थेत प्रवेशाच्या दिवशी आपल्याला दोन्ही प्रयोगशाळा दाखवल्या. जूनचा महिना होता. मेकॅनिकलची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड, मधे एक जुनं इंजिन आणि वर एक पंखा, तोही बंद. एव्हिऑनिक्सच्या खोलीत उपकरणं तापू नयेत म्हणून एसी होता. तू आत गेलास आणि बाहेरच आला नाहीस. दहा मिनिटांनी फॉर्म दिला तेव्हा तुझ्या फॉर्मवर एव्हिऑनिक्स होतं.

पुढे तू लोकांना सांगायचास की भविष्य इलेक्ट्रॉनिक्सचं आहे हे तू तेव्हाच ओळखलं होतंस. एकदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये थालीपीठ खाताना तू माझ्या मेहुण्याला अर्धा तास हे ऐकवलंस. मी शेजारी बसून दही खात होतो. तुझ्याकडे बघून मी नुसतं कपाळ पुसलं, उकडल्यासारखं. तू बोलता बोलता हसलास, पण थांबला नाहीस.

मला राग आला होता का तेव्हा? आला होता. आपलं ठरलेलं तू एका एसीसाठी मोडलंस. पण खरं सांगायचं तर आपण दोघंही मेकॅनिकल झालो असतो तर एकाच जागेसाठी अर्ज केले असते आणि आज बोलत नसतो. वेगळे झालो म्हणून एकाच विमानाखाली उभे राहिलो. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तू ते दुसऱ्याच दिवशी तुझ्या मुद्द्यांत घातलं असतंस.

आता पॅनेलचं. ते लिहायलाच हवं. तुझी बाजू मांडायला तू नाहीस, म्हणून जमेल तेवढं सरळ लिहितो.

डोंगराळ भागात जाणारं ते छोटं पंख्यांचं विमान. दुपारी बाराचं उड्डाण. ऑटोपायलटची मोटर बदलायची होती. ती शेपटीत, पोटाखालच्या एका पॅनेलमधून हात घालून काढावी लागते. मोटर तुझी, पण ती ज्या केबलला जोडलेली असते ती केबल माझ्या हद्दीतली. पायलट दांडा ओढतो आणि विमान नाक वर करतं, ते त्याच केबलमुळे. म्हणून अशा कामाला दोन सह्या लागतात. एक काम करणाऱ्याची, दुसरी वेगळ्या माणसाची, आणि त्या दुसऱ्याने पहिल्याचं काही न ऐकता स्वतः तपासायचं असतं. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून तू काम करत असताना मी टॉर्च धरून उभा होतो. काम झालं. मला रॅम्पवरून, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवरून, कुणीतरी हाक मारली, मी दहा मिनिटं गेलो. परत आलो तर तू पॅनेल बंद करून शेवटचा स्क्रू पिळत होतास. बत्तीस स्क्रू होते.

मी म्हणालो, "उघड."

"विन्या, तू समोर होतास यार. सगळं तुझ्या डोळ्यांसमोर केलंय."

"टॉर्च धरली होती. तपासलं नाही."

"प्रवासी बसमध्ये बसलेत. मॅनेजर दोनदा येऊन गेला. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे. पॅनेल उघड."

तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ती मला अजून आठवते. मग तू बत्तीस स्क्रू काढलेस. प्रवासी परत गेले, विमान पाऊण तास उशिरा निघालं, आणि पॅनेल आधीच बंद का केलं याचं लेखी उत्तर तुला द्यावं लागलं. आत सगळं बरोबर होतं. केबलचा जोड सैल होऊ नये म्हणून बांधायची लॉकिंगची तार तर तू अशी पिळली होतीस की शिकाऊ मुलांना नेऊन दाखवावी. मी सही केली. तू पुन्हा बत्तीस स्क्रू लावलेस.

तुझं म्हणणं होतं की मी नियमाच्या आड लपून तुझा अपमान केला. माझं म्हणणं होतं की टॉर्च धरताना मी तू म्हणशील तिथे उजेड पाडत होतो, मला हवं तिथे बघत नव्हतो. आठ दिवस आपण बोललो नाही. यातला विनोदी भाग असा की द्वारकेहून एअरपोर्टपर्यंत आपण माझ्याच गाडीतून जात होतो. आठ दिवस, जाताना आणि येताना, तू खिडकीबाहेर बघायचास आणि मी एफएम लावायचो. नवव्या दिवशी महिपालपूरच्या सिग्नलला तू म्हणालास, "क्लच गेलाय तुझा. आवाज येतोय."

मी म्हणालो, "बी-टूवाल्याला क्लचमधलं काय कळतं?"

झालं, सुरू झालं परत. क्लच खरंच गेला होता. पण पॅनेलचा विषय तू सोडला नाहीस. वहिनींनी कढईवर झाकण ठेवलं की तू म्हणायचास, "विन्याला आधी उघडून दाखव, नाहीतर जेवायचा नाही." मी हसायचो. मी चुकलो असं मला कधी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण तुझी ती नजर माझ्यामुळे होती, याचं वाईट वाटायचं. तेही मी बोललो नाही.

आणि एप्रिलमधलं. ते मात्र माझं चुकलं.

मुक्ताची बारावीची परीक्षा संपली होती आणि कँटीनमध्ये चहा घेताना विषय निघाला. मी माझं नेहमीचं सुरू केलं. छोट्या विमानतळांवर एकच इंजिनिअर ठेवायचा असेल तर तो बी-वन ठेवतात, जागा जास्त, शिवाय विमान आतून-बाहेरून कळतं. तू तुझं सुरू केलंस. बी-टूच्या जागा कमी पण माणसंही कमी, नव्या विमानांत निम्म्याहून जास्त कटकटी कॉम्प्युटरच्या, आणि मुख्य म्हणजे माझे गुडघे. "पन्नाशी यायच्या आत जिना उतरताना कठडा धरतोस तू. चाकाखाली बसून बसून. बघतो ना मी." हे तू बरोबर बोललास म्हणून मला झोंबलं. मी म्हणालो, "खरं सांग ना. मुलगी आहे म्हणून तिला एसीत बसवतोयस. मुलगा असता तर बसवला असतास?"

तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलास. दुसऱ्या दिवशी गाडीत तू ड्युटीच्या याद्यांविषयी बोललास, तिसऱ्या दिवशी क्रिकेटविषयी. त्या वाक्याचं उत्तर दिलं नाहीस आणि मी ते मागे घेतलं नाही. मला वाटलं, वेळ आहे. पुढच्या आठवड्यात नाहीतर त्याच्या पुढच्या. मे गेला, जून निम्मा गेला.

तर काल रविवारी अकरा वाजता मी तुझ्या घरी गेलो. तुझ्या चपला अजून दाराशीच आहेत. वहिनींनी पोहे केले होते. मुक्ता तुझा जुना ढगळ टी-शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसली होती, समोर फॉर्म, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. मी तुझ्या खुर्चीवर बसणार होतो, मग शेजारच्या खुर्चीवर बसलो.

येताना गाडीत मी ठरवलं होतं की आधी तुझी बाजू मांडायची, पूर्ण, काही न वगळता, तू मांडली असतीस तशी. मग माझी. मग ती ठरवेल. दुसरा मार्ग मला सुचला नाही.

मी सुरुवात केली. नवी विमानं, कॉम्प्युटर, परदेशातल्या संधी, डोक्याचं काम. सुरुवातीला जड गेलं. पण दोन-तीन मिनिटांनी मला तुझे मुद्दे तुझ्याच क्रमाने आठवायला लागले. कुठे तू आवाज चढवायचास, कुठे "अच्छा, हे सोड" म्हणून दुसरं काढायचास. प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि मी ते गिळून पुढचा मुद्दा मांडत होतो. माझे गुडघेही सांगितले. मला एकदाही कुणी अडवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तू नाहीस. स्मशानात कळलं नव्हतं, तेराव्याला कळलं नव्हतं. तुझी बाजू मीच मांडतोय आणि ती खोडायलाही मीच आहे, हे लक्षात आलं. मी पाणी प्यालो.

मुक्ता हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "काका, तुम्ही सच में बाबांसारखे बोलताय. टेबलही तसंच वाजवताय."

"मग? काय वाटतं?"

"पण बाबा तर मला मेकॅनिकल घे म्हणायचे."

वहिनी ओट्यापासून वळल्या. "कधी म्हणाले? मला तर कधी बोलले नाहीत."

"कितीदा तरी. कोचिंगला सोडायला यायचे तेव्हा, स्कूटरवर. म्हणायचे, काकाला सांगू नकोस. डोक्यावर चढून बसेल."

ती सांगत राहिली. तू तिला पॅनेलची गोष्ट सांगितली होतीस, बत्तीस स्क्रूंसकट. तिने ती मला तुझ्या बाजूने परत ऐकवली, आणि तुझ्या बाजूने ती वेगळीच होती. तू म्हणाला होतास की स्क्रू काढताना तुला माझा भयंकर राग आला होता, आणि पॅनेल खाली आल्यावर तार पिळलेली दिसेपर्यंत तुला स्वतःलाच खात्री नव्हती. कारण ती पिळल्याचं तुला आठवतच नव्हतं.

"म्हणाले, आमच्या लाइनमध्ये स्क्रीनवर ओके आलं की आम्ही मानतो. विन्या हात लावल्याशिवाय मानत नाही. मला ती सवय लागली नाही, तुला लागू दे. आणि म्हणाले, त्या दिवसानंतर दुसऱ्या सहीला मी शक्यतो त्यालाच बोलवायचो."

ते खरं आहे. माझी शिफ्ट संपत आली असली तरी बोलवायचास. मला वाटायचं तू सूड उगवतोयस.

म्हणजे एप्रिलमध्ये मी तुला जे बोललो, ते ज्या माणसाला बोललो तो घरी जाऊन मुलीला माझं काम शिक म्हणून सांगत होता. आणि तुला ते तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. माझं तोंड बंद झालं असतं. पण मग वाद संपला असता, आणि तो संपवायचा नसावा तुला. मलाही नव्हता. शिऱ्या, मी जिंकलो, आणि इतकं बेचव मी काही खाल्लं नाही.

मुक्ताने पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली आणि सहज विचारलं, "काका, बाबांचं काहीच तुम्ही बघितल्याशिवाय मानलं नाही? कभी नहीं?"

मी म्हणालो, "एकदा मानलं."

तिला वाटलं विमानाचं असेल. "कुठल्या फ्लाइटचं?"

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हतो. पण विचारणाऱ्या पोरीने सरळ विचारलं होतं, म्हणून सांगितलं. तू जायच्या आधीचा गुरुवार. आपण हँगरमधला लोखंडी जिना चढत होतो. तू मधे दोनदा थांबलास. एरवी थांबतो तो मी. डावा खांदा चोळत होतास आणि कॉलर घामाने भिजली होती. मी म्हणालो, काय रे. तू म्हणालास, "काही नाही यार. इंडिकेशन आहे, फॉल्ट नाही. काल छोले जास्त झाले." मला हसू आलं. बी-टूवाल्याने बी-टूवाल्यासारखं उत्तर दिलं, दिवा लागलाय पण बिघाड नाही. मी म्हणालो, "बरं." मेडिकल रूम त्याच जिन्याखाली आहे. कॉलर धरून नेलं असतं तर तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि आला असतास. आठ दिवस बोलला नसतास. मी वर चढलो, तू मागून आलास. शनिवारी सकाळी तू दारात बूट घालायला वाकलास आणि उठला नाहीस.

मी एवढं सांगितलं. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. गॅस बंद होता तरी कढई ढवळत होत्या.

मुक्ताने फॉर्मवरचं पेन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला पण दिसलं होतं, काका. शुक्रवारी घरच्या जिन्यात थांबले होते. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरकडे जाऊया. तर म्हणाले, विनयकाकाने बघितलंय. तो म्हणाला काही नाही."

"असं म्हणाला?"

"हो. म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिच्या बोलण्यात दोष देणं अजिबात नव्हतं. ती फक्त झालं ते सांगत होती.

शिऱ्या, मी बघितलं नव्हतं. मी "बरं" म्हणालो होतो, तेही पायरी चढता चढता. तू माझी सही स्वतःच ठोकलीस आणि नेऊन दाखवलीस कुणाला, तर जिला माझं उदाहरण देऊन शिकवत होतास तिला. इतका राग मला तुझा पूर्वी कधी आला नव्हता. पॅनेलच्या वेळी नाही, एसीच्या वेळी नाही. तू समोर असतास तर आठ दिवस काय, आठ महिने बोललो नसतो. आणि तू समोर असावास म्हणून मी काय वाटेल ते करायला तयार आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदमच होतंय. यातलं कुठलं आधी कमी होईल, मला माहीत नाही.

मी मुक्ताला म्हणालो, "यात तुझी काही चूक नाही." ती म्हणाली, "तुमची पण नाही." दोघांनाही ते पटलं नाही. पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मग तिने पेन उचललं आणि मेकॅनिकलपुढे खूण केली. मला विचारलं नाही, आईकडे बघितलं नाही. मग फॉर्म माझ्या बाजूला फिरवून माझ्यापुढे सरकवला.

"काका, एकदा तपासून द्या. आईने बघितलाय, मी बघितलाय. तरी तुम्ही पहिल्यापासून बघा."

मी चष्मा लावला आणि पहिल्या रकान्यापासून वाचायला लागलो. नाव, जन्मतारीख, बारावीचा रोल नंबर. रोल नंबर मार्कशीट मागवून एकेक आकडा ताडून बघितला. पत्ता. पिनकोड. त्याखालच्या ओळीत वडिलांचं नाव होतं. तिथे तिने सवयीने नुसतं तुझं नाव लिहिलं होतं, आणि दोघींनीही ते तसंच पुढे जाऊ दिलं होतं. त्याच्याआधी 'स्वर्गीय' लिहायचं राहिलं होतं.

मी त्यावर बोट ठेवलं आणि तिला दाखवलं.